वाचकांचे प्रश्न: दिव्यांगांसाठी काउन्सेलर व्हायचंय, मग शिकायचं काय आणि कुठं?

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी पुनर्वसन समुपदेशकाबद्दल, म्हणजे बोलताना आपण ज्याला रिहॅब काउन्सेलर म्हणतो त्याच्याबद्दल, थोडंसं लिहिलं होतं. जन्मापासून किंवा अपघात-आजारामुळं दिव्यांगत्व आलेल्या माणसाला शिक्षण, काम, घरची माणसं, सरकारी कागदपत्रं या सगळ्यातून त्याची वाट शोधायला साथ देणारा माणूस, एवढंच म्हटलं होतं. त्यावर नागपूर आणि आसपासच्या गावांतून भरपूर प्रश्न आले, त्यातही शिक्षणाबद्दलचेच जास्त, म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. मी या क्षेत्रात काम करते, सायकॉलॉजी आणि सोशल वर्कची मुलं फील्डवर्कला आमच्याकडं येतात, त्यामुळं शिकणारे कुठं अडतात ते जवळून दिसतं.

प्रश्न: ताई, मी मानेवाड्याला राहते. सायकॉलॉजी घेऊन बीए केलंय. माझ्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे त्यामुळं लहानपणापासून थेरपी, कॅम्प, सर्टिफिकेट हे सगळं बघून राहिली आहे आणि यातच करिअर करायचं मनात आहे. आत्ता एका इन्स्टिट्यूटची जाहिरात पाहिली, सहा महिन्यांत ऑनलाइन सर्टिफाइड रिहॅबिलिटेशन काउन्सेलर, फी बरीच आहे पण हप्त्यानं भरता येते. भरू का?

उत्तर: थांब, आत्ता भरू नकोस. आपल्याकडं या क्षेत्रासाठी भारतीय पुनर्वास परिषद आहे, सगळे आरसीआय म्हणतात. १९९२ चा कायदा आहे, १९९३ पासून लागू झाला. मान्यता असलेला कोर्स केला की तुझं नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत लागतं आणि सीआरआर नंबर मिळतो. आरसीआयच्या यादीत स्पेशल टीचर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, रिहॅब सायकॉलॉजिस्ट, दिव्यांगांसाठीचे व्होकेशनल काउन्सेलर आणि प्लेसमेंट ऑफिसर, रिहॅब काउन्सेलर, सोशल वर्कर असे वेगवेगळे गट आहेत. नोंदणी नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायद्यातच लिहिलंय. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटेल, पण नंबर नसला की आरसीआय नोंदणी मागणाऱ्या पदांचा फॉर्मच भरता येत नाही, खरं नुकसान ते आहे.

म्हणून त्या इन्स्टिट्यूटला सरळ विचार, की या कोर्सला आरसीआयची मान्यता आहे का, असेल तर कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, किती सीट्सना, आणि मान्यतेचं पत्र दाखवा. मग आरसीआयच्या वेबसाइटवरच्या यादीत संस्थेचं आणि कोर्सचं नाव तेच आहे का ते स्वतः ताडून बघ. "आंतरराष्ट्रीय मान्यता", "आयएसओ" वगैरे सांगितलं तर त्याचा इथं काही उपयोग नाही. आणि ज्या कोर्समध्ये सहा महिन्यांत एकाही माणसासमोर बसावं लागत नाही, तो कोर्स करून तू तुझ्या भावासारख्या पोराच्या आईसमोर बसून बोलणार काय?

तुझ्यासाठी सरळ रस्ता म्हणजे आधी मानसशास्त्रात एमए आणि त्यानंतर आरसीआय मान्यतेचा रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजीचा एक वर्षाचा पीजी डिप्लोमा. नुसतं काउन्सेलिंग सायकॉलॉजीचं एमए चांगलंच आहे, पण तेवढ्यावर आरसीआय नंबर मिळत नाही, हे मुलींना एमए झाल्यावर कळतं आणि मग वाईट वाटतं. पूर्वी बरेच जण एमफिल करायचे, पण यूजीसीनं २०२२ च्या नियमांत एमफिल बंद केलं, तेव्हा जुन्या सीनियर्सनी सांगितलेला मार्ग आज तसाच असेल असं धरू नकोस. बौद्धिक दिव्यांगत्वावर काम करणारी सिकंदराबादची एनआयईपीआयडी, बहुदिव्यांगत्वावर काम करणारी चेन्नईजवळची एनआयईपीएमडी या राष्ट्रीय संस्थांच्या प्रवेशाच्या नोटिसा दरवर्षी बघत जा. आपल्या नागपूरलाही केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं कंपोझिट रीजनल सेंटर आहे, तिथं एकदा जाऊन काय चालतं ते डोळ्यांनी बघून ये, भावाला घेऊन गेलीस तरी चालेल.

प्रश्न: मी काटोलचा, नागपूरला एमएसडब्ल्यू करतोय. दिव्यांग विषयावर आम्हाला फार कमी शिकवलं. फील्डवर्कला यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे, फॉर्म भरून घेतले आणि दोन-तीन सेशनमध्ये लोकांना मोटिव्हेट केलं. रिहॅब काउन्सेलिंग म्हणजे मुख्य काम मोटिव्हेशनचंच ना? त्यासाठी वेगळं शिकायची खरंच गरज आहे का?

उत्तर: गरज आहे, आणि तुझ्या प्रश्नातच कारण आहे. आपल्याकडं असं पक्कं बसलंय की दिव्यांग माणसाकडं जिद्द कमी आहे, आपण जाऊन ती भरायची. मी ज्यांना भेटते त्यातल्या बहुतेकांकडं जिद्द भरपूर असते, जिना चढून तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात फॉर्म द्यायला येतात ते जिद्दीशिवाय येतात का? अडतं ते दुसरीकडं. काम आणि माणूस यांच्यात नेमकं कुठं अडतंय ते शोधणं आणि ती अडचण काढणं हे या शिक्षणाचं मुख्य अंग आहे, त्याला जॉब अॅनालिसिस म्हणतात, आणि ते भाषणातून येत नाही, करूनच येतं.

एक उदाहरण नीट सांगते. आमच्याकडं फील्डवर्कला आलेल्या एका मुलीला बर्डीवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानाची पाहणी दिली होती, एका कर्णबधिर मुलाला तिथं काम करायचं होतं. तिनं पहिल्या रिपोर्टमध्ये लिहिलं, ग्राहकांशी बोलता येत नाही म्हणून हे काम योग्य नाही. मी तिला वही घेऊन परत पाठवलं आणि सांगितलं की मुलाबद्दल काही लिहू नको, फक्त दुकानात काय काय होतं ते क्रमानं लिही. ती कॉलेज सुटायच्या गर्दीत कोपऱ्यात उभी राहिली. ग्राहक येतो, पेनड्राइव्ह देतो नाहीतर व्हॉट्सअॅपवर फाइल टाकतो, किती कॉपी ते सांगतो, एका बाजूनं की दोन्ही बाजूंनी, ब्लॅक अँड व्हाइट की कलर, स्पायरल हवं का, मग मशीन चालवणं, कागद अडकला तर काढणं, पानं मोजणं, पंच करणं, पैसे घेणं. एवढं सगळं लिहिल्यावर दिसलं की ऐकायची गरज फक्त ऑर्डर घेताना आहे आणि पैसे आल्याचं तो साउंडबॉक्स ओरडतो तेव्हा आहे. ऑर्डरसाठी काउंटरवर लॅमिनेशन केलेलं एक कार्ड ठेवलं, त्यावर पर्याय छापलेले, ग्राहक बोट ठेवतो आणि आकडा पाटीवर लिहितो. पैशांसाठी मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून मेसेज बघायचा. कागद अडकल्याचा बीप ऐकू आला नाही तरी मशीनच्या पॅनलवर लाइट लागतोच. फोनवरच्या ऑर्डरी मालकानं स्वतः घ्यायच्या ठरल्या. अर्धा दिवस बघणं आणि एक कार्ड, बस. त्या मुलाला मोटिव्हेट करायची वेळच आली नाही, तो आधीपासून तयार होता.

आता यात काय काय शिक्षण लागलं बघ. निरीक्षण, कामाचे तुकडे पाडणं, मालकाशी बोलणं आणि तेही दयेच्या सुरात नाही तर धंद्याच्या भाषेत, थोडी भारतीय सांकेतिक भाषा, आणि मुलाशी बोलताना त्याच्या आईला दुभाषी न बनवणं, कारण आई भाषांतर करताना स्वतःची काळजी मधे घालते, कुठलीही आई घालेल, म्हणून वेगळा इंटरप्रिटर बघायचा. शिवाय दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट वाचता आलं पाहिजे, आणि त्यावरच्या टक्केवारीनं माणूस कुठलं काम करू शकतो ते कळत नाही हेही माहीत पाहिजे. चाळीस टक्के असले की योजना आणि आरक्षणाचं दार उघडतं, तेवढाच त्या आकड्याचा अर्थ. साठ टक्केवाला कंप्युटरवर झकास काम करतो आणि पंचेचाळीस टक्केवाल्याला बसमध्ये चढणंच होत नाही, असं रोज बघते.

तुझं एमएसडब्ल्यू वाया नाही जाणार. कुटुंब, वस्ती, सरकारी यंत्रणा यांची समज तुम्हाला सायकॉलॉजीवाल्यांपेक्षा जास्त असते. उरलेल्या सेमिस्टरचं फील्डवर्क फॉर्म भरण्याऐवजी सीआरसीत, मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात मिळतंय का बघ, आणि डिझर्टेशनचा विषय याच क्षेत्रातला घे. पुढं मुंबईच्या टिस्समध्ये, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, सोशल वर्कमध्येच डिसेबिलिटी स्टडीजचा वेगळा अभ्यासक्रम आहे, तोही बघून ठेव.

प्रश्न: यात पगार मिळतो का? घरचे विचारून राहिले. (वाचक, उमरेड)

उत्तर: मिळतो, पण सुरुवातीला कमी, आणि बऱ्याच जागा कंत्राटी असतात हे घरी आधीच सांगून ठेवा. जागा कुठं निघतात तर मुलांच्या आरोग्य तपासणीशी जोडलेली जिल्हा अर्ली इंटरव्हेन्शन केंद्रं, जिल्हा पुनर्वसन केंद्रं, समग्र शिक्षा, विशेष शाळा, हॉस्पिटलं, स्वयंसेवी संस्था. दिव्यांगांना नोकरी मिळवून द्यायला केंद्राच्या श्रम मंत्रालयाची वेगळी करिअर सेवा केंद्रं आहेत, मुंबईत आहे एक. आरसीआय नंबर आणि एखादी थेरपी किंवा सांकेतिक भाषा हातात असली की पगारावर बोलायला जागा राहते.

प्रश्न: मॅडम, मी कामठीचा आहे, मला लो व्हिजन आहे, सर्टिफिकेट आहे. बीए झालंय. मला स्वतः काउन्सेलर व्हायचंय पण एका कॉलेजात चौकशी केली तर म्हणाले तुम्हाला केस फाइल कशा वाचता येणार. मी यात येऊ नये का?

उत्तर: यावं, नक्की यावं. कॉलेजवाले जे बोलले ते चूक आहे, आणि जे कॉलेज हाच विषय शिकवणार त्यांनी असं बोलावं याचा मला राग आला. फाइल स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचता येते, मोठ्या अक्षरात प्रिंट काढता येते, त्यात काहीच अवघड नाही.

तुमचे हक्क लिहून ठेवा. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. लेखी परीक्षेत लेखनिक घेता येतो आणि केंद्राच्या सूचनांप्रमाणं तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. अर्ज प्रवेश झाल्या झाल्या लेखी द्या, परीक्षेच्या आठवड्यात नाही. पोच घ्या, तोंडी "हो हो बघू" वर राहू नका.

एक गोष्ट मात्र अभ्यासक्रमात शिरल्यावर तुम्हाला मुद्दाम शिकावी लागेल. समोर बसलेला माणूस तुम्हाला बघून लवकर मोकळा होईल, ती तुमची मोठी जमेची बाजू आहे, पण त्याचा अनुभव तुमच्यासारखाच असेल असं वाटायला लागतं. जन्मापासून कमी दिसणारा आणि चाळिशीत डायबेटिसनं दृष्टी गेलेला, यांचं दुःख आणि गरजा फार वेगळ्या असतात. चाळिशीत दृष्टी गेलेल्याला अजून रडायचं असतं आणि आपण त्याला मोबाइलचा वाचून दाखवणारा टॉकबॅक शिकवायला लागतो. म्हणूनच शिकताना कुणा अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केसेस करणं गरजेचं असतं, आणि ते दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या सगळ्याच विद्यार्थ्यांना लागू आहे.

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंगचं मास्टर्स करायचं म्हणते. तिथलं शिक्षण आपल्यापेक्षा वेगळं काय आहे? परत आली तर इथं उपयोग होईल का? (वाचक, प्रतापनगर)

उत्तर: तिकडं हा वेगळा, जुना पेशा आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये तिथं सामान्य नागरिकांच्या व्यावसायिक पुनर्वसनाचा कायदा झाला आणि १९५४ च्या दुरुस्तीनं असे काउन्सेलर तयार करायला विद्यापीठांना सरकारी पैसा मिळायला लागला, त्यातून मास्टर्सचे कोर्स वाढले. पुढं १९७३ चा रिहॅबिलिटेशन अॅक्ट आला. आज तिथल्या अॅक्रेडिटेशन असलेल्या कोर्सला साधारण ६० सेमिस्टर क्रेडिट, १०० तासांचं प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष केसेसचा सराव) आणि ६०० तासांची इंटर्नशिप असते, सगळं सुपरव्हिजनखाली. मग परीक्षा देऊन सीआरसी, म्हणजे सर्टिफाइड रिहॅबिलिटेशन काउन्सेलर, हे सर्टिफिकेट मिळतं. आपल्या नागपूरच्या सीआरसीशी त्याचा काही संबंध नाही, अक्षरं फक्त तीच आहेत.

मला त्यांच्या पद्धतीतली सगळ्यात आवडते ती गोष्ट म्हणजे नोकरीचा वैयक्तिक प्लॅन. कुठलं काम करायचं, त्यासाठी काय शिकायचं, कुठली साधनं लागणार, हे सगळं दिव्यांग व्यक्ती ठरवते, काउन्सेलर माहिती देतो आणि दोघंही त्यावर सही करतात. आपल्याकडं अजून "याला अगरबत्ती शिकवा, हिला शिवण शिकवा" असं दुसरेच ठरवतात.

उपयोग होईल का, तर कौशल्याचा शंभर टक्के होईल. पण परदेशी डिग्रीवर आरसीआयमध्ये नाव आपोआप लागत नाही, अर्ज करून मान्यता घ्यावी लागते, जायच्या आधीच त्याची लेखी चौकशी करा. स्कॉलरशिप मिळाली तर अटी बारकाईनं वाचा, तिथल्या केंद्र सरकारच्या काही ट्रेनिंग स्कॉलरशिपमध्ये जितकी वर्षं पैसे घेतले त्याच्या दुप्पट वर्षं त्याच क्षेत्रात नोकरी करायची अट असते.

प्रश्न: ताई, मी हिंगण्याची. माझ्या मुलाचा एमआयडीसीत मशीनमध्ये उजवा हात आला, चार बोटं गेली. कंपनी म्हणते बरा झाला की बघू, पण सुपरवायझर म्हणतो आता काम नाही. पोरगं घरात बसून राहिलं, कोणाशी बोलत नाही. तुम्ही म्हणता तसा काउन्सेलर त्याच्यासाठी काय करेल?

उत्तर: ताई, आधी पैशांचं. मुलाचा ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा हप्ता, कापला जायचा का ते पगाराच्या स्लिपवर बघा. जायचा असेल तर उपचाराच्या काळात पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो, हात कायमचा कमजोर झाला तर मेडिकल बोर्ड ठरवेल त्याप्रमाणं दर महिन्याचा लाभ मिळतो, आणि उपचाराच्या काळातला तो भत्ता चालू असताना कंपनी त्याला काढू शकत नाही. ईएसआय नसेल तर मालकाकडून नुकसानभरपाईचा हक्क आहे. अपघाताची नोंद कंपनीनं केली का हे आजच विचारा, आणि कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर मुलाची सही होऊ देऊ नका, डाव्या हाताचा अंगठासुद्धा नाही.

सरकारी नोकरीत असता तर कायद्यानं त्याला काढता आलं नसतं, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागलं असतं. खाजगी कंपनीला ते कलम तसं लागू नाही, म्हणून तिथं काउन्सेलर मधे पडून बोलणी करतो. क्वालिटी चेकिंग, स्टोअर, डिस्पॅचची एंट्री, अशी कुठली कामं तो करू शकेल ते त्याच शेडमध्ये जाऊन बघतो आणि मालकासमोर लिहून ठेवतो. सोबत फिजिओ, डाव्या हातानं लिहायची सवय, हवं तर कृत्रिम बोटांची चौकशी.

आणि तो बोलत नाही म्हणून घाबरू नका, त्याला "विसरून जा, पुढं बघ" असंही म्हणू नका. उजवा हात जाणं म्हणजे जेवण, सही, गाडी, मित्रांशी हात मिळवणं सगळं एकदम जाणं आहे. मात्र तो जेवत-झोपत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलला तर वाट बघू नका, त्याच दिवशी मेडिकलच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात.

प्रश्न: मी नागपुरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. आमच्या विभागात रिहॅब काउन्सेलिंगचा विषय सुरू करावा असं बोलणं चाललंय. विदेशी विद्यापीठांचे सिलॅबस डाउनलोड करून ठेवलेत. काय ठेवावं, काय गाळावं?

उत्तर: सर, सुरू करताय हे ऐकूनच फार बरं वाटलं. आरसीआयची मान्यता मिळवण्याचं काम पहिल्या दिवसापासून सुरू करा, नाहीतर पहिल्या बॅचची मुलं अडकतात. बाहेरच्या सिलॅबसमधून प्रत्यक्ष कामाचे तास आणि सुपरव्हिजनची पद्धत जशीच्या तशी घ्या, त्यात कपात नको. बाकी मजकूर मात्र विदर्भाचा पाहिजे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच बघा. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल आहे, आणि आपल्याकडं गावोगाव एएस पॅटर्न, एसएस पॅटर्न हे शब्द लोकांच्या तोंडी आहेत. एएसवाला वाहक असतो, त्याला बहुतेक वेळा त्रास नसतो, पण एसएसवाल्या पोराला अंगात पाणी कमी झालं, थंडी लागली, अती श्रम झाले की वेदनेचा झटका येतो, इतका की दवाखान्यात भरती करावं लागतं. बाहेरून तो ठणठणीत दिसतो. नागपूरच्या मे महिन्यात डिलिव्हरीचं काम करणारा असा मुलगा महिन्यात चार दिवस आला नाही की मालक कामचोर म्हणून काढून टाकतो. त्याला सावलीतलं काम, हाताशी पाणी, एसीच्या थेट झोतापासून लांब जागा आणि झटक्याच्या दिवसांची रजा एवढं मिळालं तर तो टिकतो. हे कुठल्याही विदेशी पुस्तकात तुमच्या विद्यार्थ्याला इतक्या जवळून मिळणार नाही. तसंच कुष्ठरोगातून बरे झालेले लोक, तेही २१ प्रकारांत आहेत. वरोऱ्याजवळचं आनंदवन कित्येक दशकांपासून कामाच्या आधारावर उभं आहे, मुलांना तिथं एक दिवसाच्या सहलीला नेऊ नका, काही आठवडे राहून काम करू द्या. थ्रेशरमध्ये हात गेलेले शेतमजूर, रस्ते अपघातात मणका दुखावलेले तरुण, मानसिक आजारातून सावरून परत कामावर जाऊ बघणारे, यांच्या केसेस वर्गात आल्या पाहिजेत.

कायदा नुसता पाठ करून घेऊ नका, विद्यार्थ्याला एक खरा अर्ज लिहायला, दाखल करायला आणि त्याचा पाठपुरावा करायला लावा. सांकेतिक भाषेचे प्राथमिक धडे सक्तीचे ठेवा. विभाग वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर हा वर्ग तरी तळमजल्यावर घ्या, आणि वेबसाइटवरचा प्रवेशाचा फॉर्म स्क्रीन रीडरला वाचता येतो का ते एकदा तपासून घ्या. शिकवायला, तोंडी परीक्षेला आणि अभ्यासमंडळावर दिव्यांग व्यक्तींना बोलवा, आणि इतर तज्ज्ञांना जेवढं मानधन देता तेवढंच त्यांनाही द्या, शाल-श्रीफळावर भागवू नका.